न झाडलेली खोली

चुना मारणाऱ्यानं बादली व्हरांड्यात टेकवली, कुंचला झटकला आणि बंद खोलीच्या कुलपाकडं बघून विचारलं, "हिचं कुलूप कवा काढताय? येवढी उरकली की मी मोकळा." सरळ प्रश्न होता बिचाऱ्याचा.

अंजना आत भाकऱ्या थापत होती. तिनं परातीतला हात तसाच ठेवला आणि सासऱ्यांच्या आवाजाची वाट बघितली. ते काय म्हणतील ते तिला ठाऊक होतं. घर भाड्यानं द्यायचं ठरलं त्या दिवशी नाथाजी सुभेदारांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "पोरी, तीन खोल्या जातील. सिद्धूची खोली कुलपात ऱ्हाईल. ह्यो माजा शब्द." सुभेदारांनी उभी हयात पलटणीत काढली होती. शब्द फिरवणारा माणूस त्यांच्या मनातून कायमचा उतरायचा.

"ती न्हाई उघडायची," नाथाजी म्हणाले. "तू तुजं सामान आवर."

अंजनानं भाकरी तव्यावर टाकली. तेवढ्यात बाळासो, तिचा धाकटा दीर, खाली मान घालून म्हणाला, "आबा, उघडावी लागंल."

"का?"

"म्या त्येस्नी चार खोल्या सांगितल्यात."

"कुणाला इचारून?"

"त्येंच्याकडं कामाची माणसं येत्यात. बाहेरनं दार असलेली खोली त्येस्नी पायजेच हाय. ती न्हाई तर घर नको म्हणत व्हते. मग म्या सांगितलं, सामान हाय आत, काढून देतो."

भाडेकरू म्हणजे सांगलीचे मधुकर बर्वे. पाटबंधारे खात्यात होते, साताऱ्याला बदली झालेली. बाळासोनं हे गिऱ्हाईक मोठ्या हुशारीनं हेरलं होतं. गावातला व्यापारी घरात घेतला की त्याची नातवंडंही तिथंच मुंजी-बारशी करणार. सरकारी माणूस मात्र बदलीचा कागद आला की बिऱ्हाड उचलतो. हुशारी खरी होती. फक्त तिच्यात एक खोली जास्तीची गेली होती, आणि दुपारी बर्व्यांचा ट्रक सांगलीहून सामान घेऊन दारात उभा राहणार होता.

नाथाजी नुसते बाळासोकडं बघत राहिले. ते चिडले की ओरडत नसत, आणि त्यामुळंच त्यांच्यासमोर उभं राहणं अवघड होई.

खोली कुलपात होती ती दीड वर्षापासून. सिद्धू, सुभेदारांचा थोरला मुलगा, अंजनाचा नवरा, दिवाळीनंतर सुट्टीवर आला होता. सुट्टी अर्ध्यात असताना पलटणीनं परत बोलावलं. युद्ध होणार हे तेव्हा पोराटोरांनाही कळत होतं. अंजनानं त्याच्या हातावर दही घातलं, तो त्या खोलीच्या बाहेरच्या दारानं निघाला, आणि त्याला निरोप द्यायला गावाहून आलेल्या त्याच्या आईनं, रंगूबाईंनी, खोलीला कडी घातली. माणूस लांबच्या वाटेला लागला की मागं घर झाडायचं नाही, ही रीत घरोघरी आहे. इतर घरांत ती दिवस मावळेपर्यंत पाळतात. या घरात ती पोचल्याचं पत्र येईपर्यंत पाळत. सिद्धूचं पत्र आलं नाही. त्याच्या जागी तार आली. बेपत्ता, एवढंच तीत होतं. कडीवर कुलूप चढलं ते त्या दिवशी.

आणि ही रीत काही कुणा भटजीनं सांगितलेली नव्हती. ती घातली होती गुंडा आजोबांनी, नाथाजींच्या वडलांनी. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याच्या बाजूला गेले आणि तुर्कांच्या कैदेत पडले. दोन-अडीच वर्षं पत्र नाही की निरोप नाही. वडूजच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. भावकीनं वाट बघितली, मग दर्भाचा पुतळा करून जाळला, तेरावा घातला, त्यांच्या बायकोच्या, चंद्राबाईच्या, बांगड्या फोडल्या. आणि एक दिवस गुंडा आजोबा चालत गावात आले. पंच म्हणाले, तुझं क्रियाकर्म झालं, आता तुझं बारसं करून तुला पुन्हा जन्माला घालावं लागेल, त्याशिवाय घरात घेता येत नाही. आजोबा म्हणाले, मी मेलोच नाही तर जन्मू कसा? ते चंद्राबाईला घेऊन साताऱ्याला आले आणि कँपात, बराकींच्या मागं, पलटणीनं टाकून दिलेला दगड गोळा करून त्यांनी हे घर उभं केलं. आता गोऱ्या पलटणी गेल्या, बराकींत कचेऱ्या आल्या, साहेबांच्या बंगल्यांत वकील राहायला आले, पत्त्यावर सदर बझार लिहायचं असं ठरलं, तरी जुनी माणसं कँपच म्हणत. आणि या घराला बसरावाल्याचं घर.

चंद्राबाईनं पुन्हा कुंकू लावलं. पण गावातल्या एकाही बाईनं तिला पुढं जन्मभर हळदीला बोलावलं नाही. पुसलेलं कुंकू नवरा परत आला तरी परत येत नाही, एवढं या घरातल्या बायकांना पक्कं कळलं होतं. म्हणून अंजनाचा जीव त्या कुलपात अडकला होता. खोली झाडली की सिद्धू गेला. सिद्धू गेला की ती विधवा, आणि मग तो उद्या दारात उभा राहिला तरी ती विधवाच.

"चुन्यावाल्याला चा द्या आन लावून द्या," बनुआक्का माजघरातून बाहेर येत म्हणाली. "घरातली गोष्ट हाय. त्येच्यापुढं नको."

बनुआक्का नाथाजींची थोरली बहीण. लहानपणी विधवा होऊन माहेरी आली ती आलीच. सोवळं-ओवळं, सोयर-सुतक, कुणी कुठं बसायचं आणि कुणी कुठं नाही, हे सगळं तिच्या मुठीत होतं. नाथाजी पलटणीत हुकूम देत असतील. घरात तेही आक्काचा मान ठेवून होते.

चुना मारणारा चहा पिऊन, बादली तिथंच ठेवून कोपऱ्यावरच्या वडाखाली जाऊन बसला. मग आक्कानं भिंतीला पाठ टेकली.

"बाळासोचा शब्द म्हंजे तुजा शब्द, नाथा. शिपायाच्या घरातनं दोन तोंडं बोलली असं लोकांनी म्हणायचं का?"

"म्या सुनंलाबी शब्द दिलाय, आक्का."

"सुनंला दिलेला शब्द घरात ऱ्हातोय. ह्यो बाहेर गेलाया."

अंजना पीठ लागलेल्या हातांनीच उंबऱ्यात येऊन उभी राहिली. एरवी थोरल्यांच्या बोलण्यात ती पडत नसे. "मामंजी," ती म्हणाली, "मी त्या खोलीत ऱ्हाते. बाकीचं घर त्येस्नी द्या. बाहेरची खोली पायजे तर हितं व्हरांड्याला कूड घालून घ्या म्हणावं. मी कुणाच्या आड येणार न्हाई. माजं शिवणाचं मशीन हाय, माजं मी बगंन."

"एकटी?" आक्का म्हणाली. "परक्याच्या बिऱ्हाडात? तरणीताठी बाई?"

"आत्याबाई असत्यात की माज्यासंगं."

सगळ्यांच्या नजरा रंगूबाईंकडं गेल्या. त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. कमरेला चाव्यांचा जुडगा होता आणि त्यावर हात होता. त्यांनी मान वर करून सुनेकडं बघितलंही नाही.

अंजनाला त्याचं नवल वाटलं, थोडी भीतीही वाटली. तार येण्याआधी या सासू-सुनेचं फारसं जमत नव्हतं. सुनेची कूस उजवत नाही, सून शहरातली चालरीत शिकली, सून भाकरी जाड करते, रंगूबाईंच्या तक्रारींना खळ नव्हता. पण तार आली आणि गावानं, भावकीनं, आक्कानं हळूहळू भूतकाळात बोलायला सुरुवात केली, तेव्हा या दोघीच 'सिद्धू येतोय' म्हणत राहिल्या. नाथाजी पेन्शनीत निघाल्यापासून नवराबायको वडूजकडच्या वडिलोपार्जित रानावर राहत; ते गाव सोडून रंगूबाई सुनेजवळ येऊन राहिल्या. गेल्या मार्गशीर्षात पाकिस्तानातून कैदी सुटून आले, तेव्हा दोघी रोज स्टँडवर जायच्या आणि रोज एकमेकींना धरून परत यायच्या. भाकरी तेव्हाही जाडच होती, पण त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

"गावाकडं कोण हाय?" नाथाजी हळू आवाजात म्हणाले. "दोन सालं रान कोरडं गेलंय. जनावरं चाऱ्याच्या छावणीत. बाळासो खडीच्या कामावर. मी एकटा किती बगू? दोघी हितं बसल्यात कुलपाला राखण. भाडं आलं तर वैरण तरी व्हईल. मला हौस न्हाई पोरी, बापानं बांधलेलं घर दुसऱ्याला द्यायची."

ते खोटं बोलत नव्हते हे अंजनाला दिसत होतं. ती मागल्या दारी गेली आणि रांजणातलं पाणी घेऊन हात धुऊ लागली.

बाळासो मागोमाग आला. सिद्धूपेक्षा पाच वर्षांनी धाकटा, तसाच उंच, तशीच मान एका बाजूला टाकून उभं राहायची सवय. तो पाठमोरा असला, की सिद्धूचा भास नको म्हणून अंजना शक्यतो त्याच्याकडं बघत नसे.

"वयनी, रागावला?"

"तुमास्नी ठावं व्हतं. ती खोली म्हंजे काय ते ठावं व्हतं तुमास्नी."

"व्हय."

"मग?"

त्यानं पायानं मातीत रेघ ओढली. "शिरवळच्या पावण्यांनी निरोप धाडलाय. पोरगी द्यायला तयार हाईत. पर इचारत्यात, थोरल्याचं काय? घरात सुतक धरायचं का न्हाई? हळदीला थोरली सून सवाशीण म्हणून उभी ऱ्हाणार का..."

अंजना हसली. रडू येत असताना माणूस हसतं तसं. "म्हंजे तुमच्या हळदीत मला कुठं उभं करायचं ते ठरंना, म्हणून खोली झाडायची."

"तसं न्हाई वो."

"तसंच हाय, भाऊजी."

"वयनी, मलाबी दादा पायजे. पर म्या किती दिस असा लोंबकळत ऱ्हाऊ? दादा असता तर त्यो सोताच म्हणाला असता—"

"असता न्हवं," अंजना म्हणाली. "हाईत म्हणा."

बाळासोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला तसं म्हणायचं होतं, त्याचं तोंड हललंही, पण त्यानं म्हटलं नाही. अंजनाला त्याचा राग यायला हवा होता. तिला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा मात्र राग आला.

दोघं आत आले तेव्हा सोप्यात आवाज चढला होता. आक्का म्हणत होती, "खोली झाडायची तर रीतीनं झाडा. बायकू झाडंल, मग अंगावरनं पाणी घेईल, कुंकू उतरंल, आन पुढल्या आमुशाला नाथा त्येचं काय करायचं ते करंल. अर्धं झाडायचं, अर्धं ठिवायचं, हे चालायचं न्हाई. आन माज्याकडं अशा बगू नगा. माजा मालक पटकीनं गेला, तवा त्येची खोली कुणी दीड दीस तरी राखली व्हती का? मला कुणी इचारलं न्हवतं. म्या कुठं मेले?"

"आक्का, हितं मेलंय कोण?" अंजना ओरडली. तिचा तिलाच आवाज ओळखू आला नाही. "कुणी बगितलंय? कुणाच्या डोळ्यांदेखत गेलं? आजेसासरे आले न्हाईत परत? त्येंचा पुतळा जाळला व्हता, तेरावा जेवले लोक, तरी आले न्हाईत? ह्याच घरात ऱ्हाऊन तुमी मला सांगता झाड म्हणून?"

नाथाजींनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. तो त्यांनी घरात काढलेला अंजनानं कधी पाहिला नव्हता.

"पोरी, खाली बस."

"मी हुभीच बरी."

"बस म्हणतो."

ती बसली.

"मार्गशीर्षात कैदी सुटून आले," नाथाजी बोलू लागले, जणू रिपोर्ट देत असावेत. "त्येच्यात सिद्धूच्या कंपनीतला एक पोरगा व्हता. जतकडला. धनगराचा. मला पलटणीतनं कळलं, तसा मी गेलो त्येच्या वाडीवर. तुमास्नी म्हणलं, छावणीचं काम हाय. त्यो पोरगा अंगणात मेंढराला पाणी पाजीत व्हता. मला बगितलं आन त्येनं बादली खाली ठिवली. मी काय बी इचारायच्या आदी त्यो रडाया लागला."

रंगूबाईंचा जुडग्यावरचा हात हलला.

"सिद्धू आन त्येचा जोडीदार पुढल्या खंदकात व्हते. रातभर गोळागोळी चालली. उजाडता उजाडता तोफेचा गोळा नेमका तिथंच पडला. त्या पोरानं डोळ्यांनी बगितलं. मागनं त्यो सोता धरला गेला. मी त्येला इचारलं, कुणी उचललं का त्येला? तर म्हणला, सुभेदारसायेब, उचलाया काय न्हवतंच. म्हणून बेपत्ता लिवलंय. जे गावलं न्हाई ते बेपत्ता."

वडाखाली बसलेल्या चुना मारणाऱ्याचा खोकला ऐकू आला. चुलीवर तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास घरभर पसरला, पण कुणी उठलं नाही.

"मार्गशीर्षात," रंगूबाई म्हणाल्या. सकाळपासून त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. "आन आता वैशाख."

"व्हय."

"येवढे दीस तुमी पोटात ठिवलं."

"तुमी दोघी सकाळी त्या कुलपाला पदरानं पुसताना मी बगितलं व्हतं, रंगू. मी तोंड उघडाया लागलो की मला त्येच दिसायचं." नाथाजींचा आवाज फाटला. "म्हणून म्हणलं, घर भाड्यानं देऊ. खोली कुलपातच ऱ्हाऊ दे. तुमी गावाकडं या. हळूहळू... हळूहळू सांगीन. मला वाटलं, मला जमंल."

सासऱ्यांवर ओरडावं, त्यांच्या पायावर डोकं आपटावं, असं अंजनाच्या मनात एकदम आलं. तिनं रंगूबाईंकडं बघितलं. सासू म्हणेल, ते पोरगं खोटं बोललं. सासू म्हणेल, अंधारात दुसऱ्याला सिद्धू समजला असेल. तिनं तेवढं म्हणावं, मग आपण आणखी दहा वर्षं कुलूप पुसू.

रंगूबाई उठल्या. जुडग्यातली किल्ली त्यांना शोधावी लागली नाही. त्या व्हरांड्यात गेल्या आणि कुलूप काढलं. दार गच्च बसलं होतं. खांदा लावल्यावर उघडलं.

"केरसुणी द्या," त्या म्हणाल्या.

"रंगू, तू न्हवं," आक्का मागोमाग गेली. "बायकूनं झाडायची असती."

"माज्या पोटचा व्हता, आक्का. म्या झाडते." रंगूबाई वळल्या. त्यांचं तोंड अगदी कोरडं होतं. "आन आता ऐका. समद्यांनी ऐका. खोली म्या झाडली. माजा ल्योक म्या सोडला. माजा म्या. हिच्या कपाळाला कुणी हात लावायचा न्हाई. हिला कवा वाटंल तवा ती पुशील, न्हाई वाटलं तर मरस्तोवर लावील. बाळूच्या हळदीला ही सवाशीण म्हणून हुभी ऱ्हाईल, आन शिरवळवाल्यांना पसंत न्हाई तर दुसरी पोरगी बगू. मी आय हाय त्येची. माजा येवढा तरी हुकूम चालंल का न्हाई ह्या घरात?"

आक्का बोलायला गेली. नाथाजींनी हात वर केला. "चालंल," ते म्हणाले.

बाळासोनं केरसुणी आणून दिली.

अंजना व्हरांड्याच्या पायरीपाशी उभी राहिली. हलकं वाटायला हवं होतं. तिला तिचं कपाळ राहिलं होतं, ते कुणी काढून घेणार नव्हतं, आणि ते देणारी तिची सासू होती, जी तिच्या भाकरीलाही चांगलं म्हणत नसे. पण रंगूबाईंनी 'व्हता' म्हटलं होतं. आता त्या वाटेकडं डोळे लावून बसायला अंजना एकटीच उरली.

रंगूबाई आतल्या कोपऱ्यापासून झाडत निघाल्या. धूळ इतकी की त्यांचं लुगडं पांढुरकं झालं. बाज, तिच्यावरची घोंगडी, खुंटीवर एक बनियन. बाजेखाली केरसुणी गेली आणि भुईमुगाच्या शेंगांची फोलं बाहेर आली. निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघा भावांनी बाजेवर बसून भाजलेल्या शेंगा खाल्ल्या होत्या आणि फोलं खालीच टाकली होती, आणि अंजना त्यांना त्यावरून बोललीही होती. बाळासोनं ती बघितली आणि तोंड फिरवून भिंतीला डोकं लावलं.

रंगूबाई थांबल्या नाहीत. फोलं, धूळ, मेलेली झुरळं, सगळं पुढं लोटत त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. आता फक्त बाहेर टाकायचं राहिलं होतं. तिथं त्यांचा हात थांबला. त्या उंबऱ्यावर बसल्या, दोन्ही हातांनी तो केर ओढून ओटीत घेतला, आणि त्यांनी गळा काढला.

"माज्या सिद्ध्या रं! माज्या वागा! न सांगता गेलास रं!"

दीड वर्षं दाबून ठेवलेला तो आवाज होता. कँपातली ती आळी सगळी शिपायांची. असा गळा कशासाठी काढतात, ते तिथं कुणाला सांगावं लागत नाही. शेजारच्या दारातून दगडाबाई धावत आली, मागच्या चाळीतून दोघीतिघी आल्या, हातातली कामं टाकून, पदर सावरत. पुरुष फाटकाशी येऊन उभे राहिले. नाथाजी त्यांच्यासमोर उघड्या डोक्यानं उभे होते, आणि त्यांनी नुसती मान हलवली.

घरात काय ठरलं होतं ते या बायकांना कुठलं ठाऊक? त्यांनी दोघी वाटून घेतल्या. काही रंगूबाईंच्या गळ्यात पडल्या, काहींनी अंजनाला पायरीवर खाली बसवलं. दगडाबाईचा नवरा चीनच्या लढाईत गेला होता. तिनं अंजनाचं डोकं छातीशी धरलं. "रड गं माजे बाई, रड. धरून ठिवू नगंस." अंजना रडत नव्हती. कुणीतरी तिचे हात हातात घेऊन बांगड्या मागं सारायला लागलं.

"थांबा गं!" बनुआक्का गर्दीत शिरली. "तिचं न्हाई काढायचं! रंगूनं सांगितलंया, तिचं न्हाई काढायचं!"

उभ्या आयुष्यात आक्का पहिल्यांदा अंजनाच्या बाजूनं बोलत होती, आणि पहिल्यांदाच आक्काचं कुणी ऐकत नव्हतं. रडण्याच्या कल्लोळात तिचा आवाज कुणाला ऐकूही गेला नाही. अंजनानं रंगूबाईंकडं बघितलं. हुकूम देणारी त्यांच्यातली ती बाई आता उरली नव्हती. ओटीतला केर छातीशी धरून त्या पुढं-मागं झुलत होत्या आणि त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

दगडाबाईनं आपल्या पदरानं अंजनाचं तोंड पुसलं, गालांवरची धूळ, घाम, आणि मग कपाळ. जाणूनबुजून पुसलं की ओघात, ते तिलाही सांगता आलं नसतं. पांढऱ्या पदरावर लाल उमटलं. आक्कानं ते बघितलं आणि ती मटकन खाली बसली.

अंजनानं बांगड्यांचे हात सोडवून घेतले नाहीत.

ट्रक आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. फाटकापाशी तो थांबला. वर कपाट, पाळणा, गाद्यांच्या वळकट्या. मधुकरराव बर्वे उतरून पुरुषांच्या घोळक्याशी थबकले आणि हलक्या आवाजात कुणाला तरी काही विचारू लागले. त्यांची बायको विनोदिनी तोवर पुढं आली होती. हातात पाण्याचा तांब्या, त्यावर नारळ. नव्या घरात पहिलं पाऊल टाकताना बाई रिकाम्या हातानं जात नाही. आतला आक्रोश ऐकून ती पायरीपाशीच उभी राहिली. नारळ कुठं लपवावा ते तिला समजेना. पायरीवर बसलेल्या बाईकडं ती वाकली.

"अहो, काय झालं? कोण गेलं?"

अंजनानं वर बघितलं. "माजे मालक," ती म्हणाली.

"अगंबाई!" विनोदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "कधी गेले हो?"

अंजनानं मागं वळून खोलीकडं बघितलं. दार सताड उघडं होतं आणि जमीन स्वच्छ होती.

"आत्ताच," ती म्हणाली.